मानकरणीचा राग

तिएस शहरातल्या स्टेशनामागच्या वस्तीत तेनिंग सारला सगळं काही करायची मुभा होती. कुणाच्या मयताला जाऊन रडावं, कुणाच्या बारशाला जाऊन पोटभर जेवावं, नवराबायकोच्या भांडणात पडून दोन्हीकडची बोलणी खावीत. एक गोष्ट मात्र तिला कुणी करू देत नव्हतं. ती म्हणजे चालणं.

चालण्यात काय एवढं, असं कुणाही शहाण्याला वाटेल. पाय आहेत, रस्ता आहे, चाला की! पण त्या शहाण्याने एकदा या वस्तीत साठी ओलांडलेली बाई होऊन बघावं. तेनिंग उंबऱ्याबाहेर पडली की पहिल्याच दारातली बाई उठून उभी राही.

"याय तेनिंग, शांतता आहे ना?" म्हाताऱ्या बाईला हाक मारायची तर आधी याय, म्हणजे आई, म्हणावंच लागतं.

"शांतताच."

"घरचे?"

"आहेत."

"बिराम?"

"आहे तिकडे इटलीत."

"त्याची मुलं?"

"आहेत."

"याय सीगा?"

"आहे."

"ऊन काय म्हणतंय?"

"तेही आहे बाई, कुठे जातंय ते!"

एवढं होईपर्यंत त्या बाईच्या हातात खुर्ची आलेली असे. "बसा ना घटकाभर." नाही म्हणावं तर त्या घराचा अपमान. बसावं तर चहा, आणि इथला चहा म्हणजे तीनदा उकळून, उंचावरून ओतून, तीन फेऱ्यांत द्यायचा, दर फेरीला आधीपेक्षा गोड. तिथून सुटका करून घ्यावी तर पुढचं दार, पुढची खुर्ची आणि बिराम कसा आहे. दिवस मावळला तरी तेनिंग कोपऱ्यावरच्या नळापर्यंतसुद्धा पोहोचत नसे. चार पावलं चालणं आणि चार वाट्या साखर, असा तिचा व्यायाम.

आणि साखर हाच तर तिचा आजार होता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळव्याला सुई टोचून विचारलं, "दुखतंय?" तेनिंग म्हणाली, "टोचलीत कधी?" डॉक्टरीणबाईंनी सुई ठेवून दिली आणि डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "याय, थोरल्या बहिणीचं पाहिलंत ना? तोच रस्ता आहे हा. गोळ्या मी देईन, पण रोज घाम येईपर्यंत चालणं तुमच्याकडे. नाही चाललात तर पाय वाचवायचं वचन मी देणार नाही."

थोरल्या बहिणीचं पाहिलं होतं, रोजच पाहत होती. सीगा तिच्याच अंगणात, आंब्याखाली, गादीच्या खुर्चीत बसलेली असे. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. अंगठ्याला एक फोड आला होता, तो तिला कळलाच नाही, आणि कळला तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. सीगा म्हणजे मधाचं पोळं. तिला कधी कुणी रागावलेलं पाहिलं नाही. कुणी खुर्ची दिली की ती बसे, कुणी गाडी थांबवली की ती चढे, कुणी वाडगं पुढे केलं की ते संपवी, वर देणाऱ्याला तोंडभर आशीर्वाद. अख्ख्या वस्तीने तिला फुलासारखं जपलं, आणि जपता जपता तिचा पाय गेला. तेनिंगला आपले दोन्ही पाय हवे होते. देवाकडे तिचं दुसरं मागणं नव्हतं.

म्हणून एके दिवशी ती कुणालाच जुमानायचं नाही असं ठरवून, मान खाली घालून, ताडताड चालत सुटली. झालं! दुसऱ्या दिवशी इटलीहून बिरामचा फोन.

"आई, तू रस्त्याने पायी फिरतेस म्हणे."

"मग काय लोळत फिरू?"

"थट्टा नको. मला तिघांचे फोन आले. काय झालं, आईला गाडीभाड्याला पैसे पाठवत नाहीस का, म्हणून. आणि वाळलीस म्हणे. लोकांना वाटेल मी तुला उपाशी ठेवतो. माझी मान खाली गेली."

"तुझी मान खाली गेली तर तुला ती पुन्हा वर करता येईल, बाळा. माझा पाय गेला तर तो तू इटलीहून पार्सलने पाठवणार आहेस?"

पण बिराम गुणी मुलगा होता आणि गुणी मुलं ऐकत नाहीत, सोय करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हामात काने आपली घोडागाडी घेऊन हजर.

"चल गं माझी दासी, चढ! तुझ्या लेकाने महिन्याचं भाडं भरलंय. राणीसारखी फिरवतो."

हामात पुलार आणि तेनिंग सेरेर. या दोन जमातींचं नातं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं. पुलाराने सेरेराला आणि सेरेराने पुलाराला वाटेल ते बोलावं, आणि समोरच्याने रागावायचं नाही, रागावला तर तोच हलका ठरला.

"तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा तुझ्या घोड्याला पाठीवर घेईन," तेनिंग म्हणाली. "निदान तो तरी काम करतो. तुम्ही पुलार लोक गाईची शेपटी धरून जन्माला येता आणि ती सोडून कधी काही धरत नाही."

"आणि तुम्ही सेरेर भाताचं पातेलं धरून येता, म्हणूनच तर साखर झाली. चढ!"

"चल नीघ."

पण तो गेला नाही. भाडं घेतलं होतं, हक्काचं काम होतं. ती चालू लागली की मागून टापांचा आवाज. ती थांबली की घोडा थांबे. अख्खी वस्ती पाही की गाडी असून म्हातारी पायी चाललीय, म्हणजे नक्कीच हिचं घरात काही बिनसलंय. लगेच चार बाया चौकशीला, चार खुर्च्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तेनिंग काही हातपाय गाळून बसणारी नव्हती. ती थेट लायती गेयकडे गेली. लायती शाळामास्तर, वस्ती समितीचा चिटणीस, सभेचं वेड असलेला माणूस. नगरपालिकेकडून वस्त्यांना काहीतरी आरोग्याचं करायला सांगितलं आहे, हे तिच्या कानावर होतंच.

"लायती, मला एक रस्ता कर."

"रस्ते आहेत की, याय."

"दारं नसलेला रस्ता. ज्याच्या दोन्ही बाजूंना एकही घर नाही, गाडीघोडा येऊ शकत नाही, सावली आहे आणि कुणी मला बस म्हणणार नाही असा. रेल्वेच्या कारखान्याच्या भिंतीमागे ते जुनं मैदान पडलंय ना, त्याच्या कडेने गोल. माझ्यासारख्या साखर झालेल्या या वस्तीत घरोघरी आहेत, सगळ्या खुर्च्यांवर बसून मरायची वाट बघतायत."

लायतीला कल्पना फारच आवडली. तिथेच तेनिंगने घाबरायला हवं होतं. मैदानाची झाडझुडपं काढली, लाल माती टाकून रूळ फिरवला, कडेने कडुनिंब लावले, आत शिरायच्या दोन्ही तोंडांना गाड्या अडवायला दगड रोवले. वाट खरंच देखणी झाली. तेनिंग रोज सकाळी जाऊन बघे, अजून ओली आहे म्हणून पाऊल टाकायला मनाई होती, तरी काठावर उभी राहून तिचा जीव नुसता पुढे धावत असे.

मग समितीच्या बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीला कुणीतरी म्हणालं, एक बाक हवा, वडीलमाणसं थकतील. बरोबर आहे, एक बाक. पुढच्या बैठकीला म्बूप घराण्यातल्यांनी विचारलं की बाकावर नाव कुणाचं? गेय मंडळींचं असेल तर आमचाही एक हवा. आमचा बाक उन्हात आणि त्यांच्यावर सावली असं कसं चालेल? मग सावलीला छपरं. एवढी माणसं बसणार तर चहाची शेगडी कुठे ठेवायची? मग चहाला ओटा. तेनिंग प्रत्येक बैठकीला उठून सांगत होती, "अरे, ही चालायची वाट आहे!" आणि प्रत्येक बैठकीला सगळे मनापासून मान डोलावत होते, "अगदी बरोबर बोललात याय, बसा आता, दमलात." शेवटी त्या वाटेवर पावलं टाकायला कमी आणि बूड टेकायला जास्त जागा झाली. तिने कपाळाला हात लावला.

"असू दे गं," सीगा अंगणातून म्हणाली. "प्रेमाने करतात बिचारे."

"प्रेमाने पाय तुटतो, सीगा!" तेनिंग बोलून गेली आणि तिने लगेच जीभ चावली. सीगा हसली. तिला वाईट वाटल्याचंही कधी दिसत नसे, आणि त्यानेही तेनिंगचं डोकं फिरे.

एवढ्यावर भागलं नाही. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात लायती नवा कडक इस्त्रीचा झगा घालून, दोन माणसं आणि मानाच्या आमंत्रणाला द्यायच्या कोलाच्या बिया घेऊन तिच्या दारी आला.

"याय तेनिंग, समितीने एकमताने ठरवलं. या वाटेची कल्पना तुमची. तेव्हा उद्घाटनाच्या मानकरीण तुम्ही."

आता मानकरीण म्हणजे काय, ते तेनिंगला पुरतं ठाऊक होतं. कसलाही सोहळा असो, कुस्ती, शाळेचं बक्षीस, नाहीतर विहिरीचं पाणी, त्याला एक मानकरीण लागते. तिला नवी वस्त्रं, सोन्याचं पाणी दिलेले दागिने, मखमली सोफा, पुढे पंखा. भाटीण तिच्या सात पिढ्यांचं गुणगान गाणार. आणि तिने? तिने दिवसभर हलायचं नाही. मानकरीण उठली म्हणजे सोहळा मोडला.

"म्हणजे चालायच्या वाटेच्या उद्घाटनाला मी बसून राहायचं?"

"भाषणं झाली की तरुण मंडळी एक फेरी मारतील. तुम्ही सोफ्यावरून रुमाल हलवा की सुरू."

तेनिंग नाही म्हणाली असती. पण कोलाच्या बिया घरात आल्या होत्या, सीगाने त्या हातात घेतल्याही होत्या आणि आशीर्वाद देऊन मोकळी झाली होती. आता नाही म्हणणं म्हणजे समितीच्या तोंडावर थुंकणं.

सोहळ्याच्या दिवशी तेनिंग सजूनधजून पोहोचली आणि पाहते तो काय, मांडव थेट वाटेवर. मैदान खाचखळग्यांचं, सपाट जागा म्हणून तेवढी एक वाटच, तेव्हा तिच्यावरच मांडव ठोकला होता. नव्या लाल मातीत खुंट्या मारून भोकं पाडली होती. खुर्च्यांच्या रांगा पार कडुनिंबांपर्यंत. चालायला जाणाऱ्या तरुणांनी मांडवाला वळसा घालून काट्यांतून जायचं असं ठरलं होतं. तेनिंगला वाटलं इथेच मटकन बसावं, पण बसवण्याचीच तर सगळी तयारी होती, म्हणून तीही पंचाईत.

तिला सोफ्यावर बसवलं. शेजारी सीगाला आणून बसवलं, मानकरणीची थोरली बहीण म्हणून. पुढे चटई अंथरली, दोघींच्या चपला काढून घेतल्या. भाटीण यांदे म्बूप ध्वनिक्षेपक हातात घेऊन सुरू झाली.

"सार! सार! मोठ्या मनाची, मोठ्या घराची! हिच्या आजीच्या अंगणात कधी चूल विझली नाही! हिच्या आईला कुणी कधी पायी चालताना पाहिलं नाही! बघा, बघा या दोघी, राण्यांसारख्या बसल्यात! कुणाचं भाग्य असं बसायचं!"

नगरसेवक बोलला. इमामसाहेब बोलले. लायती बोलला, आणि लायती बोलायला लागला की घड्याळंही कंटाळतात. हालचाल हेच आरोग्य, असं तो तीन भाषांत म्हणाला. मग मासळीभाताची परातीवर परात आली, साखर घातलेल्या दह्याची वाडगी आली, लालभडक सरबत आलं. तेनिंगचे पाय सोफ्याखाली बधिर होत चालले होते. ती बोटं हलवून बघत होती आणि हलली की नाही ते तिला नीट कळत नव्हतं. तिला भीती वाटली. सगळ्यांच्या देखत, एवढ्या मानात, तिला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली.

तेवढ्यात वाढायला आलेली एक बाहेरगावची बाई चटईवर सांडलेला भात पुसायला वाकली. पुसता पुसता तिने दोघी बहिणींच्या चपला नीट ओळीने मांडल्या. एक, दोन, तीन. ती थांबली. तिने चटईची कडा उचलली, सोफ्याखाली हात घातला, मागे जाऊन पाहिलं.

"अहो, यायची एक चप्पल हरवली!" ती जोरात म्हणाली. "कुत्र्याने नेली की काय? थांबा हं याय, शोधते."

कुणी हसलं नाही. जवळपासच्या चार बाया एकदम वाडग्यात बघू लागल्या. सीगाने झग्याचा काठ नीट ओढून घेतला आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "असू दे बाई, नको शोधूस. एकच आहे माझी."

तेनिंग उठली.

भाटिणीचं गाणं मध्येच तुटलं. आधी सगळ्यांना वाटलं की मानकरीण परसाकडे निघाली. दोन बाया लगबगीने पुढे झाल्या, "याय, इकडे, म्बूपांच्या घरी सोय केलीय." तेनिंगने चपला पायांत सरकवल्या आणि ती त्यांच्या अंगावरून पुढे गेली. खुर्च्यांची रांग ओलांडली, मांडवाचं कापड हाताने बाजूला सारलं आणि वाटेवर बाहेर पडली. लाल वाट पुढे मोकळी होती. ती चालू लागली.

आता मांडवात एकच हलकल्लोळ. मानकरीण उठून गेली! भर सोहळ्यातून! काहीही न बोलता! म्हणजे रागावली. कशाने रागावली? भात आधी नगरसेवकाला वाढला म्हणून? भाटिणीने आजीचं नाव घेतलं, आजोबांचं राहिलं म्हणून? नाही, ती चपलेची गोष्ट, ती वाढपीण! कुणी आणली ती वाढपीण? ज्याने त्याने शेजाऱ्यावर खापर फोडलं आणि सगळेच्या सगळे उठले. कारण मानकरीण रागावून घरी गेली तर त्या वस्तीला पुढे वर्षानुवर्षं कुणी तोंड दाखवू देणार नाही.

"याय! याय तेनिंग! माफ करा!" लायती झगा वर धरून मागून पळत आला. "काय चुकलं ते सांगा. आमच्या तोंडात मारा, पण सांगा!"

तेनिंगने तोंड उघडलं. काही चुकलं नाही रे बाबा, मला फक्त चालायचंय, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की लायतीच्या हातात खुर्ची नाही. त्याच्या मागून येणाऱ्या बायांच्या हातांतही खुर्ची नाही. वाटेवर बाकावर बाक लागत होते आणि एकही माणूस बसा म्हणत नव्हता. रागावलेल्या म्हातारीला बस म्हणायची कुणाची छाती आहे? तिला अडवायचं नाही, हात लावायचा नाही. तिचा राग उतरेपर्यंत हात मागे बांधून तिच्या मागे जायचं, ही तर रीत.

तिने तोंड मिटलं, चेहरा जमेल तेवढा आंबट केला आणि पावलं लांब टाकली.

मागे सगळी वस्ती. लायती, नगरसेवक, सोन्याच्या बांगड्या सावरणाऱ्या बाया, टाचांच्या चपला हातात घेतलेल्या पोरी, ध्वनिक्षेपकाची वायर ओढत येणारी यांदे म्बूप. "माफ करा याय!" "लहानांची चूक पोटात घाला!" पहिल्या वळणावर त्यांना धाप लागली. दुसऱ्या वळणावर माफीचे शब्द तुटक यायला लागले.

अशा वेळी मध्यस्थी करायला थट्टेच्या नात्यातलाच माणूस लागतो, कारण त्याच्यावर रागावताच येत नाही. हामातला पुढे ढकललं. तो तिच्या बरोबरीने चालू लागला आणि त्याने तिचं तोंड निरखून पाहिलं.

"तू रागावलेली नाहीस," तो हळूच म्हणाला.

"गप्प बस."

"माझ्यावर डाफरलीस तो खरा राग. त्यांच्यावरचा उसना आहे."

"हामात काने, तोंडातून चकार शब्द काढलास तर तुझा घोडा शिजवून खाईन."

"सेरेर बाई खाईलही, तिचा काय भरवसा." तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती तो पुसत नव्हती, हे त्याने पाहिलं. "आणि लेकाने भरलेल्या भाड्याचं काय करू?"

"घोड्याला चारा घाल."

हामातने मागे वळून तोंड पाडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा गळा काढला. "अजून फार तापलीय रे! एवढ्यात उतरायचं लक्षण नाही. चालत राहा!"

तेनिंगने वाटेची पूर्ण फेरी मारली, मांडवापाशी आली, सोफ्यावर टेकवलेल्या आपल्या बहिणीकडे एकदा पाहिलं आणि तशीच दुसऱ्या फेरीला गेली. मागे वस्ती.

त्यानंतर ती रोज रागावू लागली. सोपं नव्हतं ते. स्वभाव तसा नव्हता, रोज नवं कारण काढावं लागे. आज बाकावर कुणी पाय सोडून बसलं, उद्या कडुनिंबाला पाणी घातलं नाही, परवा लायतीने सलाम नीट केला नाही. घरातून निघतानाच ती भुवया आक्रसून निघे, म्हणजे दारोदारच्या बाया उठून उभ्या राहत खऱ्या, पण खुर्ची पुढे करायचं धाडस करत नसत. रीतीप्रमाणे तिला समजवायला मागून माणसं येत. घरांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या, आज म्बूपांकडची कुणी, उद्या गेयांकडची. एकदोघींना रोजच यावंसं वाटू लागलं, त्या का ते सांगत नसत आणि तेनिंग विचारत नसे. समितीच्या बाकांवर शेळ्या झोपू लागल्या.

पण सगळंच काही फुकट मिळत नाही. ती येताना दिसली की बायांचं हसणं थांबू लागलं. बिरामचा फोन आला, "आई, लोक म्हणतात तू चिडकी झालीस." यांदेच्या नातीच्या बारशाला तिने हौसेने नवा झगा घातला आणि गेली, तर तिच्यासाठी खुर्ची ठेवलेलीच नव्हती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. उगाच कशाला, पुन्हा चिडेल, असं वाटलं असेल. इतकी वर्षं ज्या खुर्च्यांपासून ती पळत होती त्यातली एकही तिच्या वाट्याला आली नाही, आणि तिने भिंतीला टेकून उभ्यानेच आशीर्वाद दिले. तिला त्या बायांबरोबर बसून हसायचं होतं. घरी येऊन ती रडली आणि हामातने विचारलं तर कांदा चिरत होते म्हणाली.

पावसाळा सरल्यावर ती इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सुई काढली. टोचताच तेनिंग ओरडली, "अगं आई गं! माणूस आहे की चाळण!" डॉक्टरीणबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेरची रांग आत डोकावली. त्यांनी दुसऱ्या पायालाही टोचून पाहिलं आणि ती पुन्हा ओरडली.

घरी येऊन तिने हे सीगाला तिखटमीठ लावून सांगितलं. सुई केवढी होती, कळ कशी मस्तकात गेली, आपण काय बोललो. सीगा आंब्याखाली बसून ऐकत होती, नेहमीसारखी हसत. शेजारणीने नुकतंच आणून दिलेलं गोड दह्याचं वाडगं तिच्या मांडीवर होतं. ऐकता ऐकता तिचं हसू विझलं. तिने वाडग्यातला चमचा काढून बाजूला ठेवला.

"तेनिंग," ती म्हणाली, "मला पण तेव्हा असाच त्यांचा राग यायला हवा होता गं."

तेनिंगने बहिणीच्या मांडीवरचं वाडगं उचललं, शेजारणीच्या दारात नेऊन ठणकन ठेवलं आणि एवढी ओरडली की अख्खी गल्ली बाहेर आली. त्या दिवशीचा राग उसना नव्हता.